फेरफार केलेली जुनी मोटारसायकल : घ्यावी की नाही?

जुनी मोटारसायकल घेताना गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर चालली, अपघात झाला आहे का, एवढे विचारून आणि ओळखीच्या मिस्त्रीला एकदा दाखवून बहुतेक व्यवहार पुरे होतात. परंतु ज्या गाडीची टाकी, सीट, सायलेन्सर, मडगार्ड, चाके आणि कधीकधी चेसिससुद्धा बदललेली असते, तिच्या बाबतीत एवढी चौकशी अपुरी पडते. बुलेटचे ‘बॉबर’, जुन्या यझदीचे ‘कॅफे रेसर’ किंवा लांब फोर्क लावलेले ‘चॉपर’ पाहताक्षणी मनात भरते. तरुण खरेदीदाराची पहिली शिल्लक अशाच वाहनात गुंतते.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्याची विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी होते. पुण्याची ‘एआरएआय’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांपैकीच एक. फेरफार केलेल्या गाडीमागे मात्र एका मालकाची हौस आणि एका मिस्त्रीचा हात, एवढेच असते. तो हात कुशल असू शकतो; पण विक्री होताच त्याच्या कामाची जबाबदारी खरेदीदारावर येते. म्हणून अशा गाडीसाठी एक कसोटी मनाशी पक्की ठेवावी. ही गाडी नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या रूपात परत आणता येईल काय, आणि येत असल्यास किती खर्चात?

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द खरेदीदाराने ध्यानात ठेवावेत.

सायलेन्सरचा प्रश्न वेगळा आहे. दुचाकीच्या आवाजाची निर्मितीच्या टप्प्यावरील मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी आहे. बाफल काढलेला किंवा बाजारातून आणून लावलेला सायलेन्सर ही मर्यादा सहज ओलांडतो. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या नियमभंगासाठी कलम १९० मध्ये पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरविण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत.

शोभेसाठी काढून टाकलेल्या काही वस्तू कायद्याने आवश्यक असतात. मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण, म्हणजे आपला परिचित ‘साडी गार्ड’, यांची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२३ मध्ये आहे. बॉबरवर यांपैकी एकही वस्तू सहसा आढळत नाही.

कागदपत्रे आधी, गाडी नंतर

चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याची खूण, ताजे वेल्डिंग किंवा रंगाचा जाड थर दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. इंजिन बदललेले असेल, तर नव्या क्रमांकाची परिवहन कार्यालयातील नोंद मागावी. रंग बदललेला असेल, तर त्याचीही नोंद पाहावी. ‘वाहन’ प्रणालीवर विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि कर्जाचा बोजा तपासता येतो; थकीत ई-चलनेही पाहून घ्यावीत. गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेली असल्यास नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागते. फेरफार केलेली गाडी तेथेच अडकण्याची शक्यता सर्वाधिक असते.

विम्याकडे दुर्लक्ष करू नये. मालकी बदलल्यावर तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण हवे असल्यास १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून विमापत्र आपल्या नावावर करून घ्यावे लागते. फेरफारांची माहिती कंपनीला दिलेली नसेल, तर नुकसानीचा दावा वादात सापडू शकतो. विक्रेत्याने ती कळविली होती काय, हे लेखी पाहावे.

गाडी पाहताना

गाडी पाहायला दिवसाउजेडी जावे आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे विक्रेत्याला सांगावे. थंड इंजिन किती सहज सुरू होते, यावरून पुष्कळ कळते. सुरू झाल्यावर निळसर धूर टिकून राहिला तर इंजिनात ऑइल जळत आहे, काळा धूर असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे. मूळ एअर फिल्टर काढून छोटे उघडे फिल्टर बसविलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत जेट बदलले नसतील, तर हवेचे प्रमाण वाढून इंजिन अधिक तापते. स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य समजावे. पांढरे पडलेले टोक हवा जास्त असल्याचे सुचविते.

त्यानंतर चेसिस पाहावी. सीट आणि टाकी उतरवून दाखविण्याची विनंती करावी. विक्रेता नाही म्हणाला, तर त्यातच उत्तर मिळते. बॉबर करताना सीटखालचा मागचा सांगाडा कापतात. मागचे शॉकअब्सॉर्बर जेथे टेकतात, त्या जागेजवळ कापून जोडलेले असेल, तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या सांध्यावर आदळतो. नुसता फोर्क लांब केलेली गाडी वळायला जड होते आणि तिला वळण्यासाठी जागाही जास्त लागते. मूळ रिमवर रुंद टायर चढविला असल्यास टायरचा आकार बिघडतो आणि तो चेनला घासण्याचा धोका राहतो. दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत, हे सुतळी ताणून सहज पाहता येते. चाकाचा घेर बदलला असेल, तर स्पीडोमीटरवरील वेग आणि किलोमीटर, दोन्हींवर विश्वास ठेवू नये.

शेवटी वायरिंग. टेपने गुंडाळलेले जोड, फ्यूज नसलेले जादा दिवे आणि कापलेले मूळ हार्नेस ही पावसाळ्यात गाडी बंद पडण्याची आणि कधी आग लागण्याचीही कारणे ठरतात.

किंमत कशी ठरवावी

‘फेरफारांवर एवढे पैसे घातले आहेत,’ हे विक्रेत्याचे आवडते वाक्य. त्याने केलेला खर्च म्हणजे गाडीचे मूल्य नव्हे. हिशेब उलट्या बाजूने करावा. समजा, त्याच वर्षाच्या, मूळ स्वरूपातील गाडीला ९० हजार रुपये मिळतात आणि टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, सीट व वायरिंग पूर्ववत करायला २५ हजार लागतात. तर त्या गाडीची वाजवी किंमत ६५ हजारांच्या पुढे जात नाही. विक्रेत्याने मूळ भाग जपून ठेवले असतील, तर ते सौद्यातच मागून घ्यावेत.

भागांची उपलब्धताही पाहावी. बुलेटचे भाग गावोगावी मिळतात. मैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यझदी हे नाव २०२२ मध्ये परतले, तरी नव्या गाड्यांची रचना वेगळी असल्याने त्यांच्या इंजिनाचे भाग जुन्यांना चालत नाहीत. जुन्या यझदीची कापलेली चेसिस पूर्ववत करणे म्हणूनच फार कठीण.

निर्णय

हँडल, सीट, आरसे, दिवे अशा नटबोल्टने उतरणाऱ्या वस्तूच बदललेल्या असतील, मूळ भाग सोबत मिळत असतील आणि कागद स्वच्छ असतील, तर गाडी घ्यायला हरकत नाही. फक्त सायलेन्सर पहिल्याच आठवड्यात मूळ बसवून घ्यावा. चेसिस कापलेली, इंजिनाची नोंद नसलेली किंवा क्रमांक संशयास्पद असलेली गाडी कितीही देखणी आणि स्वस्त असली, तरी सोडून द्यावी.

व्यवहार ठरल्यास नमुना २९ आणि ३० त्याच दिवशी भरून घ्यावेत. कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र, गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. खरेदीदाराने ३० दिवसांत मालकी बदलाची माहिती परिवहन कार्यालयाला देणे बंधनकारक आहे. कोऱ्या सह्यांच्या कागदावर वर्षानुवर्षे गाडी चालविण्याची रीत सोडावी. अपघात झाल्यास न्यायालय कागदावरील मालकाकडे पाहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.