जुन्या मोटारसायकलचे इंधनदोष : कार्बोरेटर खोलण्यापूर्वी टाकी तपासा

उमरखेड : पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या उमरखेड तालुक्यात घर, शेत आणि बाजार यांना जोडणारे रोजचे साधन म्हणजे मोटारसायकल. ढाणकी, विडूळ, मुळावा, पोफाळी या गावांकडून शहरात येणाऱ्या रस्त्यांवर नव्या गाड्यांच्या बरोबरीने पंधरा-वीस वर्षे जुन्या गाड्याही धावताना दिसतात. १९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी १००, त्याच वर्षीची यामाहा आरएक्स १००, १९९४ मधील स्प्लेंडर, २००१ मधील बजाज पल्सर या साऱ्या गाड्या कार्बोरेटरवर चालणाऱ्या होत्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शन प्रणालीने घेतली. जुन्या गाड्यांत मात्र तो आजही आहे आणि गाडी किकला दाद देईनाशी झाली, की पहिला संशय त्याच्यावरच घेतला जातो.

हा संशय अनेकदा चुकीचा ठरतो. टाकीत उतरलेले पाणी, तळाशी साचलेला गंज, झाकणाचे बुजलेले छिद्र किंवा खराब झालेला प्लग यांचे खापर कार्बोरेटरवर फुटते. तो खोलून साफ केला जातो, गाडी चार दिवस बरी चालते आणि टाकीतील घाण पुन्हा खाली उतरली, की तीच तक्रार परत उद्भवते. यात पैसे दोनदा जातात. शिवाय बिटरगावकडील अभयारण्याच्या रस्त्यावर सायंकाळी गाडी बंद पडली, तर होणारा मनस्ताप वेगळाच. म्हणूनच इंधनाचा दोष शोधताना टाकीपासून प्रारंभ करून क्रमाने इंजिनकडे जाणे हिताचे ठरते.

कार्बोरेटरचे काम

टाकीतील पेट्रोल कॉक आणि पाइपमधून कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये येते. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक जे काम करतो, तेच येथे फ्लोट आणि त्यावरील निडल करतात. ठरावीक पातळी गाठताच पेट्रोल येणे थांबते. इंजिन हवा ओढते तेव्हा अरुंद मार्गातून जाणाऱ्या हवेचा दाब घटतो आणि वाटीतील पेट्रोल जेटमधून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. गाडी स्लोवर असताना लहान पायलट जेट, तर वेगात असताना मेन जेट पेट्रोल पुरवतो. या जेटचे छिद्र साधारणतः एक मिलिमीटरहून लहान असते. त्यामुळे गंजाचा एखादा कणही गाडी अडवण्यास पुरेसा होतो.

तपासणीचा क्रम

१) प्लग : इंजिन थंड असताना प्लग काढून पाहावा. टोक तपकिरी असेल, तर ज्वलन योग्य आहे. कोरडी काळी काजळी हे पेट्रोल अधिक जात असल्याचे, तर पांढरेपणा हा पेट्रोल कमी पडत असल्याचे लक्षण होय. टोक पेट्रोलने ओले असल्यास इंधन पोहोचत आहे. ठिणगी पडत नाही किंवा इंजिन ‘ओव्हरफ्लो’ झाले आहे, असे समजावे. ठिणगीची परीक्षा पेट्रोलचा पाइप काढण्यापूर्वीच करावी, नंतर नव्हे.

२) टाकीचे झाकण : गाडी काही किलोमीटर चालून बंद पडत असेल आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच गाडी सुरळीत चालू लागली, तर हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल खाली उतरण्यासाठी टाकीत तितकीच हवा यावी लागते. धूळ, गंज किंवा पावसात टाकीवर घट्ट बांधलेले प्लास्टिक ही वाट अडवू शकते.

३) कॉक आणि पाइप : कार्बोरेटरकडील पाइप काढून त्याचे टोक कोरड्या बाटलीत सोडावे आणि कॉक उघडावा. धार अखंड असावी. थेंब-थेंब पेट्रोल येत असेल, तर कॉकची जाळी किंवा फिल्टर तुंबला आहे. ‘ऑन’वर पेट्रोल येत नाही आणि ‘रिझर्व्ह’वर येते, असे आढळल्यास आधी टाकीतील पेट्रोलची पातळी पाहावी.

४) वाटीतील पेट्रोल : बहुतेक कार्बोरेटरच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकीत पाणी आहे; तांबूस कण दिसल्यास गंज आहे. अशा वेळी टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय कार्बोरेटर साफ करण्यात अर्थ नाही.

५) एअर फिल्टर : फिल्टर धुळीने भरला, की हवा कमी पडते. गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज घटते आणि चढावर गुदमरते. कच्च्या रस्त्यांवर वावरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरावीक मुदतीपूर्वीच तपासणे आवश्यक असते.

कार्बोरेटरचे खरे दोष

वरील पाचही गोष्टी ठीक असतील, तरच कार्बोरेटरकडे वळावे. गाडी वेगात नीट चालते, पण स्लोवर बंद पडते, तर पायलट जेट तुंबला असण्याची शक्यता अधिक. स्लोवर ठीक, परंतु पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर दम तोडत असेल, तर मेन जेट किंवा कमी पडणारा पुरवठा तपासावा. चोक दिल्याशिवाय गरम गाडीही चालत नसेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील जोडातून जास्तीची हवा शिरते आहे. जोडाचे नट आणि रबर यांची पाहणी येथे उपयोगी पडते.

खालच्या नळीतून पेट्रोल गळत असेल, तर निडलखाली कचरा अडकला आहे, निडल झिजली आहे किंवा फ्लोटला भोक पडले आहे. फ्लोट कानाजवळ हलवल्यास आत पेट्रोल असल्याचा आवाज येतो. हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही. कॉक उघडा राहिल्यास पेट्रोल सिलिंडरमार्गे इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि इंजिनची झीज वाढते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नये. आधी दोष दूर करून ऑइल बदलावे. रात्री कॉक बंद करण्याची सवय म्हणूनच मोलाची आहे.

इथेनॉल आणि पावसाळा

महाराष्ट्रासह नऊ राज्यांत जानेवारी २००३ पासून पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. उसाची मळी, उसाचा रस, मका व तांदूळ यांपासून हे इथेनॉल तयार होते. पोफाळीच्या साखर कारखान्यामुळे उसाशी जोडल्या गेलेल्या या परिसराला त्याचे अर्थकारण परके नाही.

जुन्या गाडीच्या दृष्टीने तीन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पाणी. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. दहा टक्के मिश्रणाच्या एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण पाच मिलिलिटर पाणी विरघळू शकते. वीस टक्के मिश्रणात त्याहून अधिक. ही मर्यादा ओलांडली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि इंजिनकडे प्रथम तेच जातात. दुसरी, मिश्रणाचे प्रमाण. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याच जेटमधून जाणारे मिश्रण किंचित विरळ ठरते आणि थंड गाडीला चोक अधिक वेळ लागतो. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. तिसरी, रबर. जुने पाइप आणि वॉशर फुगणे किंवा कडक होऊन तडकणे संभवते. काही जुन्या वाहनांत रबरी भाग व गॅस्केट वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. ॲव्हरेज याहून बरेच अधिक घटले असेल, तर दोष इथेनॉलला न देता गाडीत शोधावा.

पेट्रोलच्या शुद्धतेबद्दल शंका असल्यास ग्राहकाला पंपावर फिल्टर पेपर चाचणी आणि घनतेची तपासणी मागता येते.

सफाई करताना

जेट पितळेचा असतो. त्यात तार किंवा सुई घातल्यास छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा किंवा नायलॉनचा बारीक धागा वापरावा. कार्बोरेटर क्लीनर फवारण्यापूर्वी रबरी भाग काढून ठेवावेत. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती वेढे बसले, ते लिहून ठेवावे. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूस असेल, तर तो हवेचा असतो आणि आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनच्या बाजूस असेल, तर परिणाम नेमका उलटा होतो.

हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या विडीने किंवा शेगडीनेही पेट घेऊ शकते. पाइप तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची पद्धत घातक आहे. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतू शकते. काढलेले खराब पेट्रोल नालीत ओतू नये.

गॅरेजमध्ये गाडी देताना ‘कार्बोरेटर साफ करा’ एवढेच सांगण्याऐवजी गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर, स्लोवर की वेगात, पावसानंतर की पेट्रोल भरल्यानंतर, हे सांगावे. बाटलीत घेतलेला नमुना दाखवता आला, तर उत्तमच. इतक्या माहितीवर दोष टाकीत आहे की कार्बोरेटरमध्ये, याचा अंदाज जाणकार मिस्त्रीला पाना हाती घेण्यापूर्वीच बांधता येतो आणि मालकाचा अनावश्यक खर्च टळतो.