पस्तीस विधवा आणि एक केस फाइल : मदतीच्या नोंदीचा इतिहास

#थ्रेड

१/ जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. संकटात सापडलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी ती सोय होती. आलेल्या स्त्रीची वाच्यता होणार नाही, या एका विश्वासावर ते गृह उभे होते.

२/ आज वाढत्या सामाजिक संस्था ‘केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’ वापरू लागल्या आहेत. मदतीसाठी कोण आले, अडचण कोणती, काय केले, पुढची भेट केव्हा, हे सारे त्यात नोंदले जाते. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीच्या एखाद्या घरात कार्यकर्तीने मोबाइलवर भरलेली माहिती क्षणार्धात कोल्हापूरच्या कार्यालयात दिसू शकते. न विचारण्याच्या वचनापासून सर्व काही नोंदवण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला?

३/ फुल्यांच्या गृहातही मोजदाद होतीच. बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणाला जोतीरावांनी १८८४ साली लेखी अभिप्राय दिला. तोवर गृहात ३५ गरोदर विधवा बाळंत झाल्या होत्या. ३० मुले दगावली, ५ जिवंत होती. गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांना त्यांनी या मृत्यूंचे कारण मानले. समाजाला जाब विचारण्यास आकडा पुरेसा होता; त्या पस्तीसजणींची ओळख उघड करण्याची गरज नव्हती.

४/ याच सुमारास, १८६९ साली, लंडनमध्ये ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. तिची चिंता निराळी होती. एकच कुटुंब दोन-तीन संस्थांकडून मदत घेत नाही ना, आणि ते मदतीस ‘पात्र’ आहे का, हे तिला पडताळायचे होते. त्यासाठी घरभेटी सुरू झाल्या आणि प्रत्येक अर्जदाराचे स्वतंत्र कागद तयार होऊ लागले. आधुनिक केस फाइलच्या जन्मात असा संशयाचाही वाटा आहे.

५/ या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले अमेरिकेतील मेरी रिचमंड यांनी. त्यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. कुटुंब, नातलग, शाळा, डॉक्टर, मालक अशा अनेक ठिकाणांहून माहिती मिळवावी, ती पुराव्याप्रमाणे तपासावी आणि मगच उपाय ठरवावा, अशी ही मांडणी होती. पात्रतेच्या प्रश्नापुढे जाऊन नेमकी अडचण कोठे आहे, हे शोधण्याकडे समाजकार्याचे लक्ष वळू लागले.

६/ त्याच १९१७ साली करवीर संस्थानात नोंदीचा आणखी एक अर्थ पुढे आला. छत्रपती शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा आणि त्याची नोंदणी करणारा कायदा केला. पुण्याच्या विधवेचे संरक्षण गुप्ततेत होते. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचे संरक्षण सरकारी नोंदीत होते. नोंद झालेला विवाह सहजासहजी नाकारता येत नाही. एकाच समाजात एका स्त्रीला पडदा हवा होता आणि दुसरीला शिक्का.

७/ मुंबई इलाख्यात १९२४ साली बाल अधिनियम झाला आणि १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली. तीच आजची ‘टिस’. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनच्या नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये काम करत होते. केसवर्कचे प्रशिक्षण अशा रीतीने मुंबईत रुजले.

८/ बालन्यायाच्या व्यवस्थेत या कागदांना विलक्षण वजन आले. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरी जातो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि अहवाल लिहितो. मूल घरी जाणार की संस्थेत, या निर्णयाला त्या अहवालाचा आधार असतो. घाईत लिहिलेला ‘उनाड’ हा एक शब्दही वर्षानुवर्षे मुलाची पाठ धरू शकतो. आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे त्या मुलाला बहुधा कधीच कळत नाही.

९/ आता पुन्हा कोल्हापूर. गडमुडशिंगीच्या शेजारी उचगाव आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेचे ‘घरौंदा’ वसतिगृह याच गावात उभे राहिले. अपंग पुनर्वसनाचे काम एका भेटीत संपत नाही. प्रमाणपत्र, शस्त्रक्रिया, कॅलिपर, शाळा, वसतिगृह, रोजगार अशी ती साखळी असते. मूल वाढले की जुना कॅलिपर तोकडा पडतो. पुन्हा माप घ्यावे लागते.

१०/ अशा कोणत्याही कामात मुले दहा-वीस असतात, तोवर संस्थापकांची स्मरणशक्ती पुरते. संख्या शेकड्यांत गेली, जुने कार्यकर्ते बदलले, की स्मरणशक्ती हरते आणि एखादे मूल नकळत मागे पडते. संस्थेला नोंदीची खरी निकड येथे भासते. कागदही सर्वस्वी भरवशाचा नाही. पंचगंगेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

११/ १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ‘टिस’चा प्रकल्प म्हणून मुंबईत १०९८ ही चाइल्डलाइन सुरू झाली. मूल एका शहरात सापडते, घर दुसऱ्या जिल्ह्यात असते आणि मदत करणारी संस्था तिसरीच असते. त्या मुलाला प्रत्येक टेबलावर आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागू नये, यासाठी नोंदीलाच प्रवास करणे भाग होते.

१२/ हा प्रवास संगणकाने सोपा केला. ‘सिव्हीसीआरएम’ या मुक्त प्रणालीत प्रकरणे हाताळण्यासाठी ‘सिव्हीकेस’ आहे. बालसंरक्षणासाठी युनिसेफची ‘प्रायमेरो’ आहे. अशा प्रणालीत प्रत्येकाला कामापुरतीच माहिती दाखवता येते : कार्यकर्तीला तिची प्रकरणे, पर्यवेक्षकाला त्याच्या गटाची, देणगीदाराला केवळ बेरीज. ही बेरीज म्हणजे जोतीरावांच्या अभिप्रायातील ‘३५’ होय.

१३/ परंतु सॉफ्टवेअरमध्ये नवा रकाना जोडणे फार सोपे असते. जात, आजार, कौटुंबिक हिंसा, पत्ता : ‘असू द्यावे, उपयोगी पडेल’ म्हणून सारे भरले जाते. कुलूपबंद कपाटातील फाइल एका वेळी एकाच्या हाती पडे. आज हजारो फाइली एका मिनिटात बाहेर जाऊ शकतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. तरीही कोणता रकाना मुळात असावा, हे संस्थेलाच ठरवावे लागते.

१४/ गुप्तता हेही अंतिम उत्तर नाही. दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपले मूळ शोधण्याची मुभा आजचे दत्तकविधान नियम देतात. जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागू नये, असेही ते सांगतात. फाइलच नसेल, तर मुलाच्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. फाइल उघडी असेल, तर आईला दिलेले वचन मोडते.

१५/ बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला. त्याची आई काशीबाई, हे इतिहासाला ठाऊक आहे. गृहात बाळंत झालेल्या इतर स्त्रियांना आपले नाव असे ठाऊक व्हावे, असे वाटले असते का? आणि त्यांच्या मुलांना? केस फाइल उघडणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिला रकाना भरण्यापूर्वी हे दोन्ही प्रश्न समोर ठेवले पाहिजेत.

(थ्रेड समाप्त)