खिशातल्या यंत्रात हरवलेला तानपुरा

मिरजेत २००६ च्या गणपतीत काकांच्या घरी झालेली बैठक माझ्याजवळ जपलेली आहे. म्हणजे तिचा अर्धा भाग आहे. काकांचा आवाज येतो, तबला येतो. तानपुरा मात्र जवळजवळ नाहीच. तो होता, मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. गेल्या वर्षी काका गेल्यावर ते ध्वनिमुद्रण पुन्हा काढले, आणि हा तानपुरा गेला कुठे या शोधातून हा लेख झाला.

बैठक टिपली ती साताऱ्यात घेतलेल्या एका एमपी-थ्री प्लेअरवर. बोटभर लांबीचे ते यंत्र. खोक्यावर गुणांची यादी होती: २५६ एमबी मेमरी, एफएम रेडिओ, आवाज मुद्रित करण्याची सोय. सोबत कानात घालायची वायर, गळ्यात अडकवायची दोरी, संगणकाला जोडायची यूएसबीची तार आणि एक बारका सेल. ती दोरी मी कौतुकाने मिरवीत असे. अंतुबुवा जोशींनी १९४० साली सुरू केलेल्या औंधच्या संगीत महोत्सवालाही ते यंत्र माझ्या गळ्यात असायचे.

खिशातल्या गाण्याची हौस आपल्याकडे त्याहून जुनी. चावीचा पेटी-फोनो हातात धरून नेता येई. पण त्याच्याबरोबर तबकड्यांचे ओझे आणि सुयांची डबी लागे, कारण पोलादी सुई दर बाजूला बदलायची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा करून दाखवला. खाँसाहेब १९३७ साली गेले; त्यांच्या लाखेच्या तबकड्या आजही वाजतात. कॅसेट आणि १९७९ चा वॉकमन यांच्याबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, ते सोडतो.

दक्षिण कोरियातल्या सेहान कंपनीचा 'एमपीमॅन' १९९८ साली आला. त्यात मेमरी ३२ एमबी. १२८ किलोबिटच्या दराने मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते, म्हणजे अर्ध्या तासाचा एक सावकाश ख्याल मावला असता. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड ५ जीबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि हजार गाण्यांची भाषा सुरू झाली. एवढी जागा आली ती आवाज दाबून बसवल्यामुळे. सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो. एमपी-थ्री तेच काम सुमारे अकराव्या हिश्शात करते. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळत नाही, असे धरून तो टाकून देते.

सुरांना आकड्यांत बसवण्याचा खटाटोप आमच्या या मुलखात आधीच झाला होता, हे मला हा शोध घेताना पुन्हा आठवले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची मापे काढली आणि १९१० साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना गळ्याची साथ होती अब्दुल करीम खाँसाहेबांची. देवलांचे आकडे बरोबर की चूक यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला एवढेच दिसते, की देवल आकडे मांडत होते ते बारीक फरक राखण्यासाठी. माझ्या यंत्रातले आकडे जागा वाचवण्यासाठी होते.

आता तानपुऱ्याकडे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार. त्यांच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की एका तारेतून असंख्य उपस्वर झगमगतात. माझी फाइल संगणकावर उघडली तेव्हा कळले, की तिच्यात सेकंदाला ८,००० च नमुने घेतलेले आहेत. अशा मुद्रणात ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच राहत नाही. बोलण्याला तेवढे पुरते. जवारीची वरची झळाळी तिथेच कापली गेली. खर्जाचा मूळ स्वर त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या मायक्रोफोनने धड घेतला नाही. वरून गेले, खालून गेले, मधले काकांच्या आवाजाखाली दडले.

खोक्यावर यातले काहीच लिहिलेले नव्हते. लिहिले असते तरी मी वाचले नसते. माझे लक्ष दोरीकडे.

ती फाइल घेऊन मी सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी चांगला हेडफोन लावून डोळे मिटले, आणि दोनदा हाताने मला थांबवले. काका श्वास घेतात तिथे तानपुरा वर येत होता. मागाहून ध्यानात आले: आवाज मंदावला की असे यंत्र आपोआप आपला कान मोठा करते. एकेका श्वासापुरता, जेमतेम सेकंदभर. मला आठ महिने ऐकूनही ते कळले नव्हते.

"पंचम किंचित उतरलाय," ते म्हणाले. "वाजवत कोण होतं?"

मीच वाजवत होतो.