बटणापासून निघालेली रेघ

आमच्या पिढीला 'कंट्रोल' म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं. संगणकवाल्यांचं कंट्रोल वेगळं. पडद्यावरच्या चौकटीला ते विंडो म्हणतात, आणि त्या विंडोतली बटणं, मजकूर लिहायच्या जागा, सरकपट्ट्या म्हणजे त्यांचे कंट्रोल्स. जन्मभर मराठी शाळेत खडू झिजवलेल्या मास्तराला याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मंडळी, या बटणांनाही इतिहास आहे!

पूर्वी एक बटण ठेवायचं तर ते डावीकडून किती अंतरावर, वरखाली कुठे, रुंदी किती, उंची किती, असे आकडे प्रोग्राममध्ये लिहावे लागत. मग प्रोग्राम चालवून बघायचा. जागा चुकली की आकडे बदलून पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून भिंतीवर फोटो लावण्यातलाच प्रकार.

फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेतले ज्याँ-मारी ह्युलो यांनी यावर उपाय काढला. लिस्प भाषेत लिहिलेलं त्यांचं साधन १९८६ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं. बटण माऊसने उचलायचं आणि विंडोत हवं तिथे सोडायचं. ते साधन स्टीव्ह जॉब्स यांना दाखवलं गेलं आणि ह्युलो त्यांच्या नेक्स्ट कंपनीत गेले. १९८८ साली आलेल्या नेक्स्टच्या संगणकाबरोबर त्यांचं 'इंटरफेस बिल्डर' आलं.

नुसतं बटण ठेवून भागत नाही. ते दाबल्यावर काय व्हावं? तर कंट्रोल नावाची कळ दाबून धरायची आणि बटणापासून ते काम करणाऱ्या घटकापर्यंत माऊसने रेघ ओढायची. कुणी कुणाला काय सांगायचं, ते त्या रेघेने ठरे. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मांडणी डोळ्यांना दिसते, पण अर्थ असतो तो जोडणीत. व्याकरणात तरी दुसरं काय शिकवतो आपण?

पुढे १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला, तो नेक्स्टच्याच संगणकावर. एरवी वर्षभर लागलं असतं ते काम दोनेक महिन्यांत झालं, असं त्यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. १९९१ साली मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं. त्याच्या मुळाशी अ‍ॅलन कूपर यांचं काम होतं. ज्यांचा पेशा प्रोग्रामिंगचा नव्हता, अशी कितीतरी माणसं त्यामुळे स्वतःपुरते प्रोग्राम बनवू लागली. दार उघडलं ते असं.

ह्युलो २०१९ साली गेले. वेब कुणी निर्माण केलं, हे आज शाळेतली मुलंही सांगतील. पण ज्या हत्यारामुळे ते काम लवकर झालं, ते घडवणाऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? इतिहास शिकवताना कर्त्याबरोबर हत्यार घडवणाराही सांगावा, एवढंच माझं म्हणणं.

असो. पुढच्या वेळी पडद्यावरचं एखादं बटण दाबाल, तेव्हा त्यामागची ती न दिसणारी रेघ जरूर आठवा.