संगणकीय खेळांतील रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट

रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट ही संगणकाच्या मॉनिटरची दोन मूलभूत परिमाणे आहेत. पडद्यावरील आडव्या व उभ्या पिक्सेलच्या संख्येस रिझोल्यूशन म्हणतात. पडद्यावरील चित्र एका सेकंदात जितक्या वेळा नव्याने उमटते, त्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात. तो हर्ट्झ या एककात मोजला जातो. पहिल्यावर चित्राचा रेखीवपणा अवलंबून असतो, तर दुसऱ्यावर हालचालीचा सलगपणा. ग्राफिक्स कार्डची क्षमता मर्यादित असल्याने खेळ खेळताना या दोहोंमध्ये समतोल साधावा लागतो.

पिक्सेलचे गणित

फुल एचडी (१९२०×१०८०) पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, तर फोरके (३८४०×२१६०) पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. त्यामुळे फोरके पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम आणि फुल एचडी पडद्यावर सेकंदाला २४० फ्रेम दाखवण्यासाठी सारखेच, ४९,७६,६४,००० पिक्सेल रंगवावे लागतात. २५६०×१४४० रिझोल्यूशनवर १४४ फ्रेमसाठी ही संख्या ५३,०८,४१,६०० होते. मध्यममार्ग म्हणून हा पर्याय लोकप्रिय आहे.

मात्र पिक्सेलची संख्या समान असली तरी संगणकावरील भार समान नसतो. पात्रांच्या हालचाली, वस्तूंच्या टकरी आणि खेळाडूच्या आज्ञा यांचे गणित प्रोसेसर करतो. या कामावर रिझोल्यूशनचा फारसा परिणाम होत नाही. ६० फ्रेमच्या वेगात प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, तर २४० फ्रेमच्या वेगात केवळ ४.२. प्रोसेसर अपुरा पडत असल्यास रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेमची संख्या वाढत नाही.

खेळाचा प्रकार

'काउंटर-स्ट्राइक २' किंवा 'व्हॅलरंट' यांसारख्या नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळांत प्रतिसादाचा वेग निर्णायक असल्याने रिफ्रेश रेटला प्राधान्य दिले जाते. 'सिव्हिलायझेशन ६' यासारख्या पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या खेळात अधिक रिझोल्यूशन उपयुक्त ठरते. वेगाचा लाभ उत्तरोत्तर घटत जातो. ६० वरून १४४ हर्ट्झवर जाताना दोन फ्रेममधील अंतर ९.७ मिलिसेकंदांनी कमी होते, तर १४४ वरून २४० वर जाताना केवळ २.८ मिलिसेकंदांनी.

समतोल साधण्याचे उपाय

कार्डचा वेग आणि मॉनिटरचा वेग जुळत नसल्यास चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसते. हा दोष टाळण्यासाठी एनव्हिडियाने २०१३ मध्ये 'जी-सिंक' हे तंत्र जाहीर केले. एएमडीचे 'फ्रीसिंक' त्यानंतर आले. 'डीएलएसएस' व 'एफएसआर' या तंत्रांत खेळ कमी रिझोल्यूशनवर रेखाटून चित्र नंतर मोठे केले जाते. एलसीडी पडद्यावरील पिक्सेलची संख्या निश्चित असते. त्यामुळे रिझोल्यूशन थेट कमी केल्यास अक्षरे व कडा बऱ्याचदा धूसर दिसतात.

जोडणीची क्षमताही विचारात घ्यावी लागते. एचडीएमआय २.० मधून फोरके चित्र पूर्ण रंगतपशिलासह ६० हर्ट्झपर्यंत जाते; एचडीएमआय २.१ मधून ते १२० हर्ट्झवरही जाऊ शकते. शिवाय १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावरही विंडोजमधील मांडणी ६० हर्ट्झवरच राहिलेली असू शकते. ती बदलल्याखेरीज अधिक किमतीच्या मॉनिटरचा लाभ मिळत नाही.