मुंबईतील गोमंतकीय ‘कूड’ : स्थलांतरितांच्या परस्परसाहाय्याचा इतिहास

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय स्थलांतराच्या अभ्यासात मजुरी, मागणी व कायदे यांना प्राधान्य दिले जाते. परंतु परक्या मुलखात पाऊल ठेवणाऱ्यास पहिला आधार मिळतो तो ओळखीच्या माणसांचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत रुजलेली गोमंतकीय ख्रिस्ती समाजाची ‘कूड’ ही संस्था या दृष्टीने अभ्यसनीय आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. त्यामुळे मुंबईस येणारा गोमंतकीय भाषेने व चालीरीतींनी जवळचा असला, तरी राजकीयदृष्ट्या परक्या सत्तेचा प्रजाजन होता.

रचना व कार्य :
‘कूड’ या कोकणी शब्दाचा अर्थ खोली. एकेका गावच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत अशा खोल्या घेतल्या. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर आचारी, स्टुअर्ड वा खलाशी म्हणून काम करणारे गोमंतकीय दोन सफरींमधील काळ तेथे काढीत. सभासद अल्प वर्गणी देई; त्याची पेटी भिंतीलगत राही व रात्री जमिनीवर अंथरूण पसरले जाई. कोणत्या बोटीवर भरती आहे, याची वार्ता येथेच कळे. आजारपण वा मृत्यू ओढवल्यास गावकरीच पुढे होत. वेदीपुढील सायंप्रार्थना व ग्रामसंताचे फेस्त यांमुळे गावाशी असलेले नाते टिकून राही. विमा वा निवृत्तिवेतन नसलेल्या श्रमिकास ही संस्था निवारा, पत आणि माहिती एकाच वेळी पुरवीत असे.

मर्यादा :
तथापि या आधाराला कुंपण होते. कूड ही मूलतः पुरुषांची वसाहत होती. घरकामासाठी मुंबईस येणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांना तेथे सहसा स्थान नसे. प्रवेश गावानुसार मिळे आणि गावातील जातिभेदही काही कुडींच्या सभासदत्वात उतरले होते. शिवाय जेथे सर्व परिचित, तेथे वर्तनावर नजरही सर्वांचीच असते. ज्या बंधांनी माणूस सावरला, त्याच बंधांनी तो बांधलाही गेला.

निष्कर्ष :
सामाजिक जाळे म्हणजे केवळ सद्भावना नव्हे. वर्गणी, नियम व सभासदत्व यांवर उभी असलेली ती व्यवस्था असते. ती स्थलांतराचा धोका कमी करते, परंतु मूळ समाजातील विषमता आपोआप पुसत नाही. काही कुडी आजही मुंबईत टिकून आहेत. म्हणून स्थलांतरितांच्या संस्थांचे मूल्यमापन करताना ‘कोणास आधार मिळाला?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोण दाराबाहेर राहिले?’ हाही प्रश्न इतिहासकाराने विचारणे अगत्याचे ठरते.