वैद्याच्या घरचें पुस्तक

औषधी वनस्पतींची विद्या आपल्या देशांत कशी टिकली, असें कोणी विचारलें म्हणजे आपण चरक-सुश्रुतांकडे बोट दाखवितों. परंतु केवळ ग्रंथ वाचून रानांतलें झुडूप ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं जाणत्याच्या मागोमाग हिंडावें लागतें, पान चुरगळून वास घ्यावा लागतो, मूळ केव्हां खणावें हें पाहून शिकावें लागतें. घराण्यांनीं ही विद्या राखली. आणि घराबाहेर न गेल्यामुळें ती पुष्कळदां त्यांच्याबरोबरच लयास गेली. याचें बोलकें उदाहरण मलबारच्या इतिहासांत सांपडतें.

कोचीनचा किल्ला १६६३ सालीं डच कंपनीच्या हातीं आला. पुढें तेथील अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ रचविण्याचें मनांत आणलें, आणि इट्टी अच्युतन् नांवाच्या एळवा जातीच्या वैद्यांस बोलावून घेतलें. वैद्यकी त्यांच्या घराण्यांत पिढीजात होती. घरच्या पुस्तकांतील औषधींचीं नांवें व गुण त्यांनीं सांगितले. दुभाष्यानें ते पोर्तुगीज भाषेंत उतरविले. त्यांवरून लॅटिन मजकूर सिद्ध झाला. गोमंतकांतून दक्षिणेस गेलेल्या कोंकणी समाजांतले रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन वैद्यही निघंटूच्या आधारें या कामीं दोन वर्षें खपले. १६७५ सालीं त्यांनीं लिहून दिलेला दाखला कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे. लॅटिन पानांमध्यें तीं ओळखीचीं अक्षरें दिसतांच मराठी वाचकाचें मन क्षणभर थबकतें.

‘होर्तुस मलबारिकुस’ या नांवानें हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें निघाले. ७४२ वनस्पतींचें वर्णन त्यांत आहे. लिनियससारख्या शास्त्रज्ञानें त्यांचा आधार घेतला. पण ज्या भूमींतून ही विद्या उचलली, तेथील लोकांस ती लॅटिनमध्यें परकीच राहिली. के. एस. मणिलाल यांच्या दीर्घ परिश्रमानें २००३ सालीं तिचें इंग्रजी व २००८ सालीं मल्याळम भाषांतर प्रसिद्ध झालें.

अच्युतनांच्या घरचें मूळ पुस्तक मात्र आज उपलब्ध नाहीं. परक्या अधिकाऱ्याच्या आज्ञेनें जें सांगितलें गेलें, तेवढेंच उरलें. हाताला असलेली मात्रेची जाण व रोग्याची पारख कोणत्या खंडांत मावणार?

औषध सांगितलें म्हणजे त्याचा गुण जातो, अशी समजूत आमच्याकडेही आहे. सांगितल्यानें गुण जातो कीं नाहीं, हें वैद्यांनीं ठरवावें. न सांगितल्यानें विद्या जाते, हें मात्र इतिहासानें ठरविलें आहे. घरांतील वडील माणसांस विचारण्यास परक्याची आज्ञा कशाला हवी?